प्रिय पिंट्या, गोळीचं गुपित फुटलं

सांगली,
रविवार, 24 नोव्हेंबर 2024

प्रिय पिंट्या,

महिनाभर तुझे फोन कट करतोय. 'मीटिंगमध्ये आहे' असं टाकत होतो. मीटिंग कसली लेका, तुझ्याशी बोलायला तोंडच नव्हतं. तू जाताना ठेवून गेलेला मासे धरायचा रॉड मी रीळसकट नदीत घालवला. परवा तो परत मिळाला, पण ज्या बोलीवर मिळाला ती ऐकून तू मलाच नदीत घालशील.

तब्येत ठीक. शुगर आहे तिथंच आहे.

20 ऑक्टोबर. रविवार, आणि त्यात जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरायची शेवटची तारीख. शहाणा माणूस ऑफिसात बसला असता. पण ऑडिटच्या धबडग्यात ऑगस्टपासून मी कृष्णा बघितली ती आयर्विन पुलावरून, गाडीच्या काचेतून. म्हटलं, पहाटे पाच ते नऊ हरिपूर, मग ऑफिस. शनिवारी रात्री अकराला आमिषाच्या गोळ्या करायला घेतल्या. आपलंच माप: दोन वाट्या शेंगदाण्याची पेंड, वाटी कणीक, वाटी रवा, चिमटीने हळद, बडीशेप, गूळ, दोन अंडी आणि भाजलेली मेथी. (हो, भाजलेली. थांब जरा.) गोटीएवढ्या वळल्या आणि उकळत्या पाण्यात दोन-दोन मिनिटं सोडल्या. वरून कातडं धरलं की बारकी मासळी कुरतडत नाही, हे तुझंच. पातेलं दुधाचं होतं, तो विषय अजून घरात चालू आहे. पंख्याखाली पेपरवर वाळत घातल्या, तर सकाळी लवकर उठलेल्या सासऱ्यांनी एक तोंडात टाकली आणि म्हणाले, "गूळ कमी पडलाय."

संगमाच्या वरच्या अंगाला, आपल्या चिंचेखाली बसलो. गोळी गळाला न टोचता मागच्या दोऱ्यात ओवली, तू व्हिडिओवर दाखवलं होतंस तशी. दोन तास काही नाही. साडेआठला हळदवाल्या शेठचा फोन. रिटर्न आत्ताच्या आत्ता सोडा, रात्री साइट चालत नाही. बरोबरच होतं त्यांचं. लॅपटॉप पिशवीत होताच. (तू म्हणशील, नदीवर लॅपटॉप नेतोस? नेतो.) मांडीवर उघडला, मोबाइलचं नेट जोडलं. शेठ ओटीपी सांगायला लागले. चार आकडे टाकले, दोन राहिले, आणि रॉडचं टोक वाकलं.

वाकलं म्हणजे थेट पाण्याला टेकलं. रीळचा ड्रॅग, म्हणजे दोऱ्याचा ब्रेक, मी आवळलेला. आल्या आल्या सैल करायचा, हे तू शंभरदा सांगितलंयस. रॉड दोन दगडांच्या बेचक्यातून उचलला गेला आणि कडेच्या चिखलावरून सरकायला लागला. भरभर नव्हे, बरं का. सावकाश, कुणीतरी दोरीनं रिकामी होडी ओढत न्यावी तसा. हात लांब केला असता तर सापडला असता. पण मग मांडीवरचा लॅपटॉप पाण्यात. पिंट्या, मी लॅपटॉप धरला. वर शेठना म्हणालो, "शेवटचे दोन पुन्हा सांगा."

मुठीचा कॉर्क बुडताना बघितला, आणि रिटर्न सबमिट केलं.

हे घरी सांगितलं तर म्हणाले, बरंच केलंस, लॅपटॉप पन्नास हजाराचा. हिशेबाला बरोबर आहे, आणि हिशेबाचंच मी खातो. पण रात्री झोपेत तो कॉर्क दिसतो रे. आपण एकेकाळी बारावीच्या फिजिक्सच्या पेपराच्या आदल्या दिवशी गळ टाकून बसलेलो! (तू पास झालास, हे तू आयुष्यभर ऐकवणार आहेस.) मासा तळाला बसलेल्या गोळीवर आलेला, म्हणजे कटला नव्हे; तो वरच्या थरातला. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, असणार. त्याचे दात घशात असतात, तसं माझं डोकंही कुठंतरी भलत्याच जागी असणार.

तुझ्या बढतीचं कळलं, अभिनंदन. आईंचा गुडघा बरा आहे ना? वहिनींना नमस्कार. पोराला मराठी बोलायला लाव, मागच्या वेळी मला 'अंकल' म्हणाला.

तर परवा होडीवाले मामा थेट ऑफिसात. हातात पोत्यात गुंडाळलेला तुझा रॉड. खाली बाभळीच्या मुळ्यांत तंगूस (रीळचा नायलॉन दोरा) अडकला होता, जाळं सोडवताना गावला म्हणाले. मासा केव्हाच सुटला होता. मी पाचशेची नोट काढली. मामा म्हणाले, "पैसं नगंत सायेब. ते गोळीत काय घालता, तेवढं सांगा."

आता बोल. संगमेश्वराच्या पायरीवर शपथ घेतलेली, बायकांनाही सांगायचं नाही म्हणून. मी आढेवेढे घेतले, चहा मागवला, विषय निवडणुकीच्या निकालावर, गुलाल कुणाचा, यावर नेला. मामा पोतं मांडीवर घेऊन बसले ते बसलेच. शेवटी सांगितलं, पेंडीपासून अंड्यापर्यंत सगळं.

त्यांनी बोटं मोजत ऐकलं. मेथीवर थांबले.

"भाजून घालता?"

"हो."

"मग वास तुमच्या तव्यातच ऱ्हायला की. कच्ची कुटून घालायची."

2016 पासून तू हेच म्हणतोयस. त्यावरून आपण अंकलीच्या पुलावर भांडून दीड महिना अबोला धरला होता. तर घे, सहीनिशी लिहून देतो: मेथी कच्ची. पण हे मामांचं म्हणून मान्य केलंय, तुझं म्हणून नाही.

रीळ खोलून टेबलावर ठेवलीय, दातऱ्यांतून अजून वाळू निघतेय. हँडल फिरतंय. ड्रॅगचं एक वॉशर मात्र गेलं, इथं मिळेना. मस्कतला बघ आणि येताना दोन आण.

तुझा,
बंड्या