मनुष्यबळ किती नग?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या शुक्रवारच्या अंकात छोट्या जाहिरातींत एक ओळ होती : 'कारखान्यासाठी पाच मनुष्यबळ तातडीने पाहिजेत.' त्याच अंकात शहराच्या पानावर मथळा होता, 'मनुष्यबळाअभावी नालेसफाई रखडली'. मथळा निदान व्याकरणाला धरून आहे. जाहिरात मात्र साफ चुकली आहे, आणि हल्ली ही चूक इतकी पसरलीय की बरोबर लिहिणाराच चुकला असं वाटायला लागलंय.

मनुष्यबळ म्हणजे कामाला मिळू शकणाऱ्या माणसांची मिळून होणारी ताकद. ते पुरेसं असतं, अपुरं असतं, कुशल किंवा अकुशल असतं. पण ते मोजत नाहीत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, वाढलेल्या माणसाला हे कळायला अश्वशक्ती पुरते. पाच अश्वशक्तीचं इंजिन म्हटलं तर आत पाच घोडे बांधलेत असं कुणी समजत नाही. बुद्धिबळाचे दोन डाव होतात, दोन बुद्धिबळं होत नाहीत. एखाद्या पक्षाचं संख्याबळ साठ असेल, पण 'साठ संख्याबळ निवडून आले' असं आपला नवखा बातमीदारसुद्धा लिहिणार नाही. मग मनुष्यबळानेच काय घोडं मारलंय?

मी एकतीस वर्षं शिरोलीच्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, टाइम ऑफिसला होतो. सुरुवातीला हजेरीपटावर नाव असायचं आणि नावापुढे काम : मोल्डर, कोअरमेकर, फेटलर, हेल्पर. पुढे ठेकेदाराची माणसं यायला लागली. त्याचं पहिलं बिल माझ्या टेबलावर आलं तो दिवस अजून आठवतो. तपशील : मनुष्यबळ. नग : २३. पुढे दर आणि रक्कम. त्याच्या खालचं बिल ग्राइंडिंग व्हीलचं होतं, तिथेही नगच. मी पेनाने 'नग' खोडून 'कामगार' केलं. दुसऱ्या दिवशी अकाउंट्समधून बिल परत आलं. बिलावर खाडाखोड चालत नाही म्हणून. त्या तेवीस जणांतला एक रोज सकाळी माझ्या खिडकीशी तंबाखू मळत उभा राहायचा आणि 'सायेब, कालचा ओटी धरलायसा न्हवं?' असं ओव्हरटाइमचं विचारायचा. बिलात तो एक नग होता.

शब्द मुळात वाईट नाही, हे आधी सांगतो. दिल्लीतलं शिक्षणाचं खातं १९८५ साली नव्या नावाने निघालं तेव्हा हिंदीवाल्यांनी त्याला 'मानव संसाधन' म्हटलं, मराठी वर्तमानपत्रांनी 'मनुष्यबळ विकास'. मला आपलं मराठीच आवडलं होतं. संसाधन म्हटलं की कोळसा, पाणी, लाकूड यांच्या रांगेत माणूस उभा केल्यासारखं वाटतं. बळ म्हटलं की निदान दंड थोपटल्याचा आवाज येतो. २०२० मध्ये त्या खात्याला पुन्हा शिक्षण मंत्रालय म्हणायला लागले आणि हा शब्द मोकळा झाला. तोवर ठेकेदारांनी तो उचललाच होता. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ कंपन्यांकडून बाहेरून माणसं घ्यायचा निर्णय काढला आणि ऑक्टोबरमध्ये गदारोळानंतर तो मागे घेतला, तेव्हा तर 'मनुष्यबळ पुरवठा' हे शब्द रोज पहिल्या पानावर होते. पुरवठा पाण्याचा, विजेचा, आणि आता माणसांचाही.

आपल्या जिल्ह्यात काम करणाऱ्याला शब्द कमी आहेत का? इचलकरंजीत यंत्रमागाच्या धंद्यात नुसतं कामगार म्हणून भागत नाही. जॉबर वेगळा, वहिफणीवाला वेगळा, कांडीवाली वेगळी. गुऱ्हाळावर गुळव्या असतो, आणि उकळत्या रसाची काहिल कधी उतरायची हे त्याच्या नजरेवर ठरतं. मालकसुद्धा मध्ये बोलत नाही. पेठेत पाणी सोडतो तो चावीवाला. शेतात एकमेकांकडे राबायचं तर पैरा. आणि गडी! शेतावरचाही गडी, आखाड्यातलाही गडीच.

कुणी म्हणेल, ऊसतोडीला आपण 'कोयते' मोजतोच की. खरं आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असला की अर्धा. माणसाला हत्याराचं नाव देणं फार मोठ्या मनाचं आहे असं मीही म्हणत नाही. बिगारी शब्दही तसाच : बिगार म्हणजे फुकट राबवून घेणं, शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात वेठ बंद केली, आणि रोज घेऊन विटा वाहणाऱ्याला आपण अजून बिगारीच म्हणतो. पण कोयता म्हटलं की डोळ्यासमोर फड येतो, पाचट येतं, पहाटेची थंडी येते. मनुष्यबळ म्हटलं की काय येतं? टेंडर.

म्हणून आपल्या मथळ्याविषयीही थोडं. 'मनुष्यबळाअभावी' हा शब्द व्याकरणात बसतो, पण बातमी खाऊन टाकतो. सफाई कामगारांची मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त किती आणि कधीपासून, हे विचारायचं राहूनच जातं. मनुष्यबळ नाही म्हटलं की पाऊस नाही म्हटल्यासारखं होतं. त्यात कुणाचा दोष नाही. 'सफाई कामगारांची भरतीच नाही' असं छापा, दुसऱ्या दिवशी कुणाला तरी उत्तर द्यावं लागेल.

जाता जाता. त्या जाहिरातीतल्या नंबरावर मी फोन केला होता. एका मुलीने उचलला.

"किती माणसं पाहिजेत?"

"पाच मनुष्यबळ."

"काम काय?"

"सीएनसी ऑपरेटर तीन, पॅकिंगला दोन लेडीज."

"मग तसंच छापायचं की बाळ, सोपं पडलं असतं."

"काका, आमच्या फॉर्मला रकानाच तेवढा आहे. तुमचं वय किती?"

आपला,
एक निवृत्त टाइमकीपर, राजारामपुरी, कोल्हापूर