जुनी वृत्तपत्रे जतन करताना जाहिरातींना कात्री लावू नका : मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
मराठी भाषा विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

दरवर्षी 6 जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घातला जातो, 1832 च्या ‘दर्पण’चा उल्लेख होतो आणि जुनी मराठी वृत्तपत्रे जतन झाली पाहिजेत, असे कुणीतरी भाषणात म्हणते. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून या म्हणण्याला थोडे वजनही आले आहे. हे काम आज ना उद्या होईल असे गृहीत धरून एक मागणी आधीच करून ठेवतो : अंक स्कॅन कराल तेव्हा पान पूर्ण घ्या. अग्रलेख घेतला आणि बाकीचे सोडले, असे होऊ देऊ नका. शेवटच्या पानावरच्या जाहिराती, मधल्या रकान्यातल्या वर्गणीच्या याद्या, फंडाची आवाहने, अगदी तळाशी असलेली मुद्रक-प्रकाशकाची ओळसुद्धा आली पाहिजे.

ही शंका उगाच घेत नाही. आपल्याकडे टिळक, आगरकर यांच्या लेखांचे संग्रह निघाले, त्यावर पिढ्या पोसल्या. पण ते लेख ज्या कागदावर छापले गेले, त्या कागदाचे पैसे कुठून आले, हे त्या संग्रहांतून कळत नाही. एका जुन्या ग्रंथालयात मासिकांचे बांधीव खंड चाळत होतो, तर बाइंडरने जाहिरातींची पाने सरसकट काढून टाकलेली. विचारले तर उत्तर मिळाले, ‘‘त्यात वाचण्यासारखे काय असते?’’

सांगतो काय असते ते.

रायगडावरच्या शिवसमाधीच्या जीर्णोद्धारासाठी 1895 मध्ये ‘केसरी’तून फंड उभा राहिला. समाधी कुणी शोधली, जीर्णोद्धार कुणी केला, यावर आपल्याकडे दर काही महिन्यांनी वाद पेटतो आणि चॅनेलवर तावातावाने बोलणारे लोक येतात. अंकात छापलेल्या याद्या मात्र फारसे कुणी उघडत नाही. नाव, गाव, पुढे रुपये-आणे-पै. मोठ्या रकमा थोड्या आणि बारीक रकमांची रांग लांब : विद्यार्थी, कारकून, कुठल्या गावच्या मंडळींनी मिळून पाठवलेली वर्गणी. ही यादी म्हणजे जाहीर पोच होती. पैसे पाठवणारा पुढच्या अंकात आपले नाव शोधायचा. नाव नसेल तर चार लोकांत बोभाटा व्हायचा. त्यामुळे फंड गोळा करणाऱ्यालाही हिशेब चोख ठेवणे भाग होते. आजच्या कितीतरी ट्रस्टांना हे जड जाईल, असो. पण कुठल्या तालुक्यातून किती आणे आले, कुठल्या गावातून काहीच आले नाही, कुठल्या जातींची नावे दिसतात आणि कुठल्या दिसत नाहीत, याचा एवढा थेट पुरावा अग्रलेखात मिळणार नाही.

हे शक्य झाले ते टपालामुळे. वस्तू हातात पडल्यावर पैसे घेण्याची व्ही. पी.ची सोय 1877 मध्ये सुरू झाली, 1880 पासून पोस्ट ऑफिस मनीऑर्डरी घेऊ लागले आणि 1881 च्या जानेवारीत ‘केसरी’ निघाला. पुण्यात छापलेला अंक ज्या टपालाने खेड्यात जायचा, त्याच टपालाने तिथून फंडाचा रुपया यायचा आणि त्याच टपालाने औषधाची बाटली जायची. वर्गणी, देणगी आणि जाहिरात ही एकाच रस्त्यावरची वाहतूक. त्यातली एक ठेवून दोन काढून टाकल्या, तर वृत्तपत्र चालत कसे होते हे पुढच्या माणसाला उमगणार कसे?

पैसाफंडाचे उदाहरण घ्या. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना साधी होती : माणशी वर्षाला एक पैसा, आणि त्यातून देशी उद्योग. टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि 1908 मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसाफंडाचा काचकारखाना उभा राहिला. जपानमध्ये काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते. लोकांच्या पैशातून कारखाना, कारखान्यातून माल आणि माल खपवायला पुन्हा वृत्तपत्र. आवाहनापासून जाहिरातीपर्यंतची ही साखळी जुळवायची तर अंकच उलटावे लागतात.

फुल्यांच्या बाबतीतही तेच. 1877 च्या दुष्काळात उपाशी मुलांसाठी धनकवडीला ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ चालवला गेला, त्यासाठी मदत मागणारे जोतीरावांचे पत्रक ‘ज्ञानप्रकाश’मध्ये आले. ते समग्र वाङ्मयात आहे, म्हणून आपल्याला माहीत. समग्र वाङ्मय ज्यांच्या नशिबी आले नाही, अशा माणसांची पत्रके अजून त्या पिवळ्या कागदांतच पडून आहेत.

आता जाहिरातींकडे येतो, कारण अधिकाऱ्यांचा हात इथेच आखडेल. जामनगरच्या वैद्यशास्त्री मणिशंकर गोविंदजींच्या ‘आतंकनिग्रह गोळ्या’ त्या काळी देशभरातल्या वृत्तपत्रांत गाजत होत्या. मराठी घरांत डोंगऱ्यांचे बालामृत होते. शक्तिवर्धक, धातुपौष्टिक, गुप्तरोगहारक असल्या मालाची जाहिरात तर इतकी, की स्वराज्यावरचा लेख वाचून पान उलटले की माणूस गोंधळावा. हे बघून कुणा समितीला वाटेल, थोर पत्रांची अब्रू जाते, ही पाने वगळा. कृपा करून वगळू नका. 1954 मध्ये चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा केंद्राचा कायदा आला. तो का लागला, याचे उत्तर याच पानांवर आहे. शिवाय हा पैसा नेहमी वायाच गेला असेही नाही. काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी 1893 मध्ये मुंबईत अमृतांजन काढले, बाम खपला आणि 1908 मध्ये त्याच मुंबईत त्यांनी ‘आंध्र पत्रिका’ सुरू केली. डोकेदुखीच्या डबीवर एक तेलुगू वृत्तपत्र उभे राहिले, आणि तेही आपल्या शहरात.

कधी कधी जाहिरात हाच पुरावा असतो. दादासाहेब तोरण्यांचा ‘पुंडलिक’ हा चित्रपट 18 मे 1912 ला गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला. आज त्याची प्रत नाही. पण 25 मेच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त जाहिरात आहे : मुंबईतल्या जवळपास निम्म्या हिंदूंनी तो गेल्या आठवड्यात पाहिला, उरलेल्या निम्म्यांनीही पाहावा. अतिशयोक्ती उघडच आहे. तरीही ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधीचा तो मराठी माणसाचा प्रयत्न आपण छातीठोकपणे सांगतो, तो अशा चार ओळींच्या आधारावर.

आणि न छापलेल्या जाहिरातीचाही इतिहास असतो. 31 जानेवारी 1920 ला डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ हे पत्र निघाले. शाहू महाराजांनी 2500 रुपये दिले, हे आपण कौतुकाने सांगतो. पण पैसे मोजायची तयारी असूनही ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची साधी जाहिरात घेतली नाही, हे त्यांनी पुढे आपल्या ‘बहिष्कृत भारत’ या पत्रात लिहून ठेवले आहे. ‘केसरी’च्या त्या दिवसांतल्या जाहिरातींची पाने जशीच्या तशी समोर असतील तर दिसेल, की कोणाच्या गोळ्यांना आणि कोणाच्या तेलाला जागा होती. 1928 च्या आरंभी बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ हा अग्रलेख लिहिला. अंकाचे 24-24 रकाने एकट्याने लिहून काढणारा बॅरिस्टर आपल्या गरीब वाचकांपुढे पत्राच्या कर्जाचा विषय मांडतो आहे. तो अग्रलेख छापील खंडात मिळतो. त्याला कोणकोणत्या गावाने प्रतिसाद दिला, हे बघायला आजूबाजूचे रकाने लागतात.

गंमत म्हणजे निवडक वाचण्याची ही सवय आपल्याला सरकारनेच लावली. इंग्रज सरकारचे अनुवादक मुंबई इलाख्यातली देशी वृत्तपत्रे चाळून दर आठवड्याला गोपनीय अहवाल करत. ते आजही आपल्या पुराभिलेख संचालनालयात आहेत आणि संशोधक आधी तिकडेच धाव घेतात. त्या बाबूंना राजद्रोहाचा वास हवा होता, बालामृताशी त्यांना देणेघेणे नव्हते. आपण दीडशे वर्षांनंतरही त्यांच्याच चष्म्यातून वाचायचे का?

तेव्हा निविदा काढाल तेव्हा तीत स्पष्ट लिहा की पान कडेपासून कडेपर्यंत घ्यायचे, साफ करण्याच्या नावाखाली काही पुसायचे नाही, रंगीत घ्यायचे, आणि पुरवणी व वेष्टनाचा कागद असेल तर तोही. सूचीत लेखकांबरोबर जाहिरातदार, फंडांची नावे आणि गावांची नावे द्या; साताऱ्यातल्या एखाद्या मुलीला आपल्या गावाने 1895 मध्ये किती आणे दिले हे शोधता आले पाहिजे. यात स्वामित्वहक्काची मोठी अडचण येऊ नये. खर्चाचे म्हणाल तर एका महोत्सवाच्या मंडपाचे बिल काढून पाहा. आणि हो, शासनाच्या आजच्या पानभर जाहिराती, मंत्र्यांच्या छायाचित्रांसकट, याही जपून ठेवा. शंभर वर्षांनी कुणीतरी हिशेब मांडेल.

एक काम मात्र निविदेची वाट न पाहता होण्यासारखे आहे. अनुदानित ग्रंथालयांत जीर्ण ग्रंथांचे निर्लेखन होते, म्हणजे ते नोंदीतून काढून टाकले जातात; त्यात जुन्या वृत्तपत्रांचे गठ्ठे आणि मासिकांचे सुटे अंक सहज रद्दीत जातात. 1947 पूर्वीचे कोणतेही मराठी नियतकालिक शासनाला कळवल्याशिवाय निर्लेखित करू नये, एवढे एक पानी परिपत्रक ग्रंथालय संचालनालयाकडून निघावे, यासाठी संबंधित मंत्र्यांशी आपण बोलावे. येत्या 6 जानेवारीच्या आत निघाले तर उत्तम.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
जुन्या वृत्तपत्रांचा एक वाचक, पुणे