खोक्यातले दगड आणि पायरीचा दगड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी 31 वर्षे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला. खडकांचा धडा आला की कपाटातला नमुन्यांचा खोका काढायचा, ही रीत. प्रत्येक तुकड्यावर क्रमांकाची चिठ्ठी. एका वर्षी चिठ्ठ्या सुटल्या, मी त्या नव्या क्रमाने लावल्या आणि तोंडी परीक्षेत निम्मा वर्ग चुकला. "सात नंबर म्हणजे ग्रॅनाइट" एवढंच मुलांनी पाठ केलं होतं. चूक त्यांची नव्हती, माझ्या शिकवण्याची होती.

पुढच्या वर्षी मी वर्ग शाळेच्या पायऱ्यांवर बसवला. काळा दगड, त्यात बारीक भोकं. एका मुलीने विचारलं, "सर, ही भोकं पाथरवटाने पाडली का?" तिथून तास सुरू झाला. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची ही भोकं. काहींत नंतर झिरपलेल्या पाण्यातून पांढरे स्फटिक साचले. हा खडक म्हणजे बेसाल्ट. तो झटपट निवला, म्हणून त्याचे कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ग्रॅनाइट जमिनीखाली खोलवर सावकाश निवतो, म्हणून त्याचे स्फटिक वेगवेगळे ओळखू येतात. त्या वर्षी हे कुणालाच पाठ करावं लागलं नाही.

हा तास कुठेही घेता येईल. जुन्या बांधकामाचा दगड बहुधा जवळच्या खाणीतला असतो, कारण इतकं वजन दूरवर वाहून नेणं परवडत नसे. आधी जोतं पाहावं. लांबून आणलेला दगड सहसा दर्शनी भागाला लावतात. जांभा खाणीत मऊ असतो, कापता येतो आणि हवा लागली की कठीण होतो. वालुकाश्माच्या लादीवर कधी कधी वाहत्या पाण्याने वाळूवर उमटवलेल्या लहरी दिसतात. चुनखडकात तर जीवांचे अवशेषच सापडतात: गिझाच्या पिरॅमिडच्या दगडांत नाण्यासारखे गोल न्यूम्युलाइट, म्हणजे समुद्रातल्या एकपेशीय जीवांची कवचं, आहेत. असा चुनखडक उष्णतेने आणि दाबाने पालटला की संगमरवर होतो. ताजमहालाचा मकराण्याचा दगड तोच. चुनखडक सौम्य आम्लाच्या थेंबाने फसफसतो, पण हा प्रयोग सुट्या कपचीवरच करावा, भिंतीवर कधीही नाही.

एकदा मी एका पाथरवटाला वर्गात बोलावलं. निकोप दगड ठोकला तर खणखणतो आणि आतून तडकलेला बद्द वाजतो, हे त्यांनी दाखवलं. मुलं अर्धा तास ठोकून ऐकत होती. पुस्तकात हे नाही.

माझी शिक्षण विभागाला विनंती आहे की अंतर्गत गुणांत परिसरातल्या बांधकामाच्या दगडावर एक छोटा प्रकल्प ठेवावा. जुने वाडे पाडले जात आहेत आणि त्यांचे चिरे भरावात जात आहेत, तेव्हा हे लवकर व्हावं. खोका हवाच असेल, तर त्यात त्या चिऱ्यांच्या कपच्या ठेवाव्यात आणि चिठ्ठीवर नंबराऐवजी कुठली भिंत, कुठली खाण हे मुलांनी स्वतः लिहावं.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक