दरड रात्री पडते, बिल वर्षभर पडून राहते

महोदय,

आमचा एकच जेसीबी. मी चालवतो, धाकटा भाऊ डिझेलचे कॅन वाहतो, आई डब्यासोबत उधारीची वहीही सांभाळते. पोलादपूर तालुक्यात विहिरीचा गाळ, घराचा पाया, शेताचा बांध, मिळेल ते काम तासावर करतो. कातळ लागला की तो फोडायला ब्रेकर लावावा लागतो. मग डिझेल आणि गिऱ्हाइकाशी वाद, दोन्ही वाढतात.

पावसाळ्यात कामे बंद, फोन मात्र सुरू. 22 जुलै 2021 ला शेजारच्या महाड तालुक्यात तळीये गावावर दरड कोसळली, त्याच पावसात पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाटही खचला. तेव्हापासून ‘घाटात माती आलीय, मशीन घेऊन ये’ एवढ्या तोंडी सरकारी निरोपावर आम्ही मध्यरात्री निघतो. वरून दगड सुटतोय का, हे बघायला भाऊ बॅटरी घेऊन पावसात उभा राहतो. गेल्या पावसाळ्यात 31 तास भरले. बिल मागितले, तर ‘लेखी आदेश दाखवा’. आदेश फोनवर आला होता, तो दाखवू कसा? बँकेचा हप्ता मात्र 5 तारखेला न चुकता कापला जातो.

मे महिन्यातच दर ठरवून, लेखी आदेश देऊन घाटाच्या दोन्ही अंगांना स्थानिक मशीन उभी ठेवावीत.

आणखी एक. फार्महाउससाठी डोंगर भिंतीसारखा उभा कापून मागणारे वाढलेत. टप्पे काढू, पाण्याला चर ठेवू म्हटले की ते दुसरे मशीन बोलावतात. मार्चमध्ये अशी दोन कामे मी सोडली. एक भावकीतल्याचेच होते. तो अजून बोलत नाही.

— एक जेसीबीवाला, पोलादपूर (जि. रायगड)