सूचना : १ डिसेंबरपासून लेक्सेम्बर

मंडळी, लेक्सेम्बरमध्ये, म्हणजे १ ते ३१ डिसेंबर, आपापल्या कृत्रिम (स्वतः रचलेल्या) भाषेत रोज एक नवा शब्द घडवून गटात टाकायचा आहे. सोबत उच्चार, अर्थ आणि एक वाक्य हवंच.

मराठी शब्दाला एकास एक प्रतिशब्द देत बसू नका, त्यात मजा नाही. ‘हात’ घेतलात तर तो मनगटापर्यंत की खांद्यापर्यंत, हे आधी ठरवा. जुन्या धातूतून शब्द निघाला तर उत्तम. १८८७ सालच्या एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत ‘साना’ म्हणजे निरोगी. त्याच धातूला उपसर्ग-प्रत्यय जोडून ‘मालसानुलेयो’ होतो, म्हणजे रुग्णालय!

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन टाका. हजेरी कोणी घेत नाही. शब्द आधी स्वतःच्या कोशात नोंदवा, गटातले संदेश मागाहून सापडत नाहीत.