नेपथ्याआधी मूळ कादंबरी वाचाच

संपादक महोदय,
आमच्या हौशी ग्रुपच्या ‘ड्रॅक्युला’चं नेपथ्य माझ्याकडे आलंय, म्हणून ब्रॅम स्टोकरची १८९७ची कादंबरी वाचायला घेतली आणि डोक्यातलं चित्रच बदललं. यातला काउंट, म्हणजे रक्तपिपासू सरदार ड्रॅक्युला, आधी म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, तळहातावर केस असलेला, आणि लंडनात तर चक्क दिवसाही फिरतो! ड्रॅक्युलाच्या झग्याची ती ओळखीची उभी कॉलर नंतरच्या नाटकांतून आली, कॉलरने डोकं झाकायचं म्हणजे नट मागून पटकन सटकायचा. स्टोकर स्वतः लंडनच्या लायसियम थिएटरचा मॅनेजर होता. सगळी गोष्ट डायऱ्या, पत्रं, तारांतून उलगडते, म्हणून मी कोळिष्टकं काढून टाइपरायटर आणि फोनोग्राफ (आवाज मुद्रित करणारं जुनं यंत्र) मांडलाय. नाट्यस्पर्धांत नेपथ्यकाराला वाचायला महिनाभर तरी द्या हो.
– एक नेपथ्यकार