डॉक्टर, तुम्ही पुन्हा मोजलं नाही

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुम्ही माझी फाईल मिटलीत आणि म्हणालात, "आता सहा महिन्यांनी भेटू." मी नुसतं "बरं" म्हटलं आणि बाहेर आले. जिन्यात आल्यावर पाय लटपटायला लागले, म्हणून कठडा धरून उभी राहिले. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी डॉक्टर मला सहा महिन्यांनी या म्हणालं होतं. तुमचे आभार तिथेच मानायला हवे होते, पण तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं आणि बाहेर पेशंट ताटकळले होते. म्हणून हे पत्र. आणि ते असं उघड लिहिते आहे, कारण माझ्यासारखी कुणीतरी आज रात्री अंथरुणात पाय झाडत पडलेली असेल आणि आपल्याला काय होतंय हे तिला कळत नसेल. तिच्याही ते वाचनात यावं.

मणक्याच्या ऑपरेशननंतर मला ट्रॅमाडॉल सुरू झालं, अफूसारखं काम करणारं वेदनाशामक. पहिले पंधरा दिवस त्या गोळ्यांनीच मला माणसात ठेवलं, हे मी कधीही नाकारणार नाही. कूस बदलताना जीव जायचा, तो जायचा थांबला. (त्या कॅप्सूल होत्या, पण घरात सगळे गोळ्याच म्हणायचे.) कुठे थांबायचं हे मात्र कुणी सांगितलं नाही. दर भेटीला जुनीच चिठ्ठी पुढे चालू. "काळजी करू नका, सौम्य आहे, मॉर्फिनसारखी नाही," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की दुसऱ्यांना सांगायला लागले होते. चाराच्या सहा झाल्या, सहाच्या आठ. ५० मिलिग्रॅमच्या आठ म्हणजे दिवसाला ४००, त्या औषधाची कमाल मर्यादा. त्यापुढे गेलं तर फिट येण्याचा धोका आणखी वाढतो. मी त्या काठावर उभी होते आणि हे मला पहिल्यांदा तुमच्याकडून कळलं.

मग डॉक्टर बदलले. नव्यांनी फाईल चाळली, कपाळाला आठ्या घातल्या आणि आठच्या शून्य केल्या. एका फटक्यात. "बंद करा हे सगळं." मलाही तेच हवं होतं, म्हणून मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जांभया सुरू झाल्या. झोप अजिबात नव्हती, तरी एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत. नाक गळायला लागलं, डोळ्यांतून पाणी. अंगावर काटा आला तो तासन्‌तास तसाच. पोट बिघडलं. आणि पाय! पिंढऱ्यांच्या आत कुणी मुंग्या सोडल्यासारखे. झाडले की क्षणभर बरं वाटायचं, थांबले की पुन्हा तेच. आमचे हे म्हणाले, फ्लू असेल. मीही तेच समजले. चौथ्या रात्री घरात उरलेली एक गोळी सापडली, ती घेतली आणि तासाभरात सगळं ओसरलं. फ्लू असा जात नाही. त्या क्षणी मला जी भीती वाटली, ती ऑपरेशनच्या टेबलावरही वाटली नव्हती.

त्याच डॉक्टरांकडे परत गेले, खरं ते सांगितलं. पुढे जे झालं ते लिहिताना आजही कानशिलं तापतात. मला पर्स रिकामी करायला लावली. आत तीन कॅप्सूल होत्या. त्या एकाने मोजल्या, मग दुसऱ्याने. तीनच होत्या हो! तरी दोनदा. मागच्या रांगेतल्या बायका बघत होत्या. कुणीतरी म्हणालं, "बाईंना लागलीय सवय." डॉक्टर म्हणाले, "मनाचा निग्रह करा." निग्रह! दोन बाळंतपणं आणि मणक्यात दोन स्क्रू घेऊन उभ्या असलेल्या बाईला.

त्यानंतर मी चोरटी झाले. हे तुम्हाला सांगितलं होतं, आता सगळ्यांसमोर सांगते. नात्यातल्या एकीच्या उरलेल्या गोळ्या मागून आणल्या, जुनी चिठ्ठी दाखवून वेगवेगळ्या दुकानांतून आणल्या. शिवणाच्या डब्यात, बॉबिनींच्या खाली, स्ट्रिप लपवायला लागले. रात्री सगळे झोपले की डबा काढून मोजायचे. किती दिवस पुरतील याचं गणित डोक्यात सतत चालू असायचं. मुलगी शेजारी बसून काही सांगत असायची आणि मी मनात आठने भागत असायचे.

तुमच्याकडे आले ती मैत्रिणीने दामटलं म्हणून. डबा सोबत आणला होता. ठरवलं होतं, सगळं पुढ्यात ठेवायचं, काय बोलायचं ते बोलू देत. तुम्ही आधी डब्याकडे पाहिलंच नाहीत. विचारलंत, "मागे एकदम बंद केल्या होत्या, तेव्हा जांभया येत होत्या का?"

बस, त्या प्रश्नाने मी अर्धी बरी झाले. वर्षभर जी गोष्ट मला एकटीलाच होतेय असं वाटत होतं, तिला नाव होतं, ती पुस्तकात होती आणि समोरच्या बाईंना ठाऊक होती. तुम्ही म्हणालात, "हे तुमच्या स्वभावाचं काही नाही. शरीराने औषधाशी जुळवून घेतलंय. कुणाचंही घेईल. सोडताना त्याला उलटं जुळवून घ्यायला वेळ द्यावा लागतो." पहाटेच्या दुखण्यातलं किती मणक्याचं आणि किती औषध उतरल्याचं, हे कधीकधी वेगळं काढता येत नाही, आणि फार दिवस घेतलं तर हेच औषध काही जणांची वेदना आणखी तीव्र करून ठेवतं, हेही तुम्हीच समजावलंत. आणि मी त्या गोळ्यांना शिव्या द्यायला लागले तेव्हा थांबवलंत. म्हणालात, मॉर्फिन १९७७ पासून, जागतिक आरोग्य संघटनेच्या पहिल्या यादीपासून, अत्यावश्यक औषधांत आहे. कॅन्सरने तळमळणाऱ्याला ते मिळालंच पाहिजे. औषधावर राग काढू नका.

आणि मग तो डबा.

मी तो टेबलावर ठेवला, झाकण उघडलं आणि मान खाली घातली. तुम्ही बॉबिनी, बटणं, अर्धवट संपलेलं निळं रीळ, सगळं एकेक करून कागदावर काढून ठेवलंत, हळुवार, जणू त्यातलं काही हरवू नये. मग स्ट्रिप काढल्यात. उजेडाकडे धरून त्यांची मुदत बघितलीत, संपलेल्या दोन बाजूला केल्यात. उरलेल्या माझ्याकडे सरकवल्यात आणि म्हणालात, "किती आहेत, मोजून सांगता? मी लिहून घेते."

मी मोजायला लागले. अर्ध्यावर चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. तुम्ही घाई केली नाहीत, मोबाईलकडे बघितलं नाहीत. "एकशे त्रेचाळीस," मी म्हटलं. तुम्ही पेन उचललंत आणि फाईलमध्ये १४३ लिहिलंत.

पुन्हा मोजलं नाहीत.

मी वाट बघत होते. आता हात पुढे येईल, आता एकेक स्ट्रिप उलटीपालटी होईल. तुम्ही तर रीळ डब्यात ठेवत होतात. वर स्ट्रिप ठेवल्यात, झाकण लावलंत आणि डबा दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलात. "या संपेपर्यंत नवीन लिहून देत नाही. यातूनच उतरायला सुरुवात करू. डबा कुलपात ठेवा आणि घरातल्या एकाला सांगून ठेवा, म्हणजे लपवायला नको."

डॉक्टर, तुमच्या दृष्टीने ती एक नोंद होती. तुम्हाला कदाचित आठवणारही नाही. पण वर्षभर माझ्या शब्दाला कवडीची किंमत नव्हती. दुखतंय म्हटलं तर गोळ्यांसाठी नाटक, दुखत नाही म्हटलं तर मग हव्यात कशाला. आणि तुम्ही मी सांगितलेला आकडा शाईने फाईलमध्ये लिहिलात. घरी जाताना मी डबा मांडीवर धरून बसले होते आणि मला कळलं की मी आता एकही गोळी इकडची तिकडे करू शकत नाही. कुणी धाक घातला म्हणून नव्हे. तो आकडा माझा होता म्हणून. त्याच रात्री ह्यांना उठवून सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग उठून कुलूप शोधायला लागले.

पुढच्या चौदा महिन्यांचं फार लिहीत नाही. तुम्हाला तारखेनिशी माहीत आहे, आणि वाचणाऱ्यांनी माझं वेळापत्रक उचलू नये असंही वाटतं. ज्याचं त्याच्या डॉक्टरांनीच आखावं. तीनवर असताना मी दोन महिने अडकले, कमी होईना. तुम्ही म्हणालात, "थांबू या. थांबणं म्हणजे मागे जाणं नाही." शेवटची एक, रोजची एकच, ती सगळ्यांत अवघड गेली. आणि ती सुटली त्या दिवशी तुम्ही दिलेली ताकीद मी लिहून कपाटाला आतून चिकटवली आहे: पुन्हा कधी जुन्या मात्रेवर जायचं नाही, शरीराची ती सहनशक्ती गेलेली असते, तीच मात्रा आता जिवावर बेतू शकते.

जरा डोकं ताळ्यावर आल्यावर मी वाचायला लागले. १९८० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक पत्र छापून आलं होतं, अवघ्या पाच वाक्यांचं. हॉस्पिटलात दाखल असताना अफूच्या जातीचं असं औषध मिळालेले ११,८८२ रुग्ण. आधी व्यसन नसलेल्यांपैकी नीट नोंद झालेली व्यसनाची उदाहरणं चार. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अक्षर नव्हतं. २०१७ साली काही अभ्यासकांनी हिशेब मांडला, तर ते पत्र ६०८ ठिकाणी उद्धृत झालेलं सापडलं, आणि त्यातल्या ४३९ ठिकाणी व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून. पाच वाक्यं! "काळजी करू नका" हे शब्द माझ्यापर्यंत कुठून कुठून वाहत आले असतील, असं वाटून गेलं.

पण मला खरं रडवलं ते दुसऱ्या गोष्टीने. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, जाहीर इशारा दिला होता की शरीराला ज्यांची सवय झाली आहे अशा रुग्णांची ही औषधं अचानक तोडू नका. असह्य वेदना, मानसिक यातना, आत्महत्येपर्यंत वेळ येते. तिथल्याच सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात लिहिलं आहे की वर्षभर किंवा जास्त घेणाऱ्यांची मात्रा महिन्याला दहा टक्के किंवा त्याहूनही सावकाश उतरवणं जास्त सोसवतं. माझ्या आठच्या शून्य झाल्या त्या याच्या नंतर. म्हणजे माहिती होती. छापलेली होती. ज्यांनी माझी पर्स उलटी केली त्यांना ती वाचता आली असती. त्यांच्याबद्दल मनात अजून कडवटपणा आहे, तो लपवत नाही. पहिल्यांनी न बघता दिलं, दुसऱ्यांनी न बघता तोडलं. माझ्याकडे बघितलं नाही, हे दोघांतही सारखंच.

तुम्ही बघितलंत. मला वाटतं, भलेपणा म्हणतात तो बहुतेक वेळा एवढाच असतो. समोरच्याचं ऐकून घ्यायचं, तो खरं बोलतोय असं धरून चालायचं. त्याला ना पैसे लागतात ना यंत्रं. तुमच्या बाहेरच्या खोलीतल्या सिस्टर नाव पुकारताना "ताई, या" म्हणतात, त्यांनाही हे सांगा. भिंतीला टेकून उभं राहणाऱ्यांना त्या न विचारता उशी आणून देतात, तेही मी पाहिलं आहे. हल्ली मी स्वतः कुणाचं बोलणं मध्येच तोडायला लागले की मला तुमचं ते थांबलेलं पेन आठवतं.

पाठ अजून दुखते. थंडीत जास्त. दहापैकी किती विचारलंत तर चार म्हणेन, वाईट दिवशी सहा. चालते, व्यायाम करते, गरम पाण्याची पिशवी घेते. मुलगी बोलते तेव्हा तिचं बोलणं ऐकते. परवा ती म्हणाली, "आई, तू आता मधूनमधून हरवत नाहीस."

काल शिवणाचा डबा बऱ्याच दिवसांनी पूर्ण रिकामा केला. तळाशी एक स्ट्रिप निघाली, चुरगळलेली, दोन कॅप्सूल असलेली. मी ती हातात घेऊन थोडा वेळ बसले. मग पाकिटात घातली आणि ह्यांना सांगितलं. सहा महिने ती घरात ठेवायची नाही. सोमवारी येते आणि सिस्टरांकडे देऊन जाते. दोन आहेत, मी मोजल्यात.

तुमची कृतज्ञ,
१४३ वाली पेशंट